बोडियमचा जलदुर्ग

जलदुर्ग म्हटला की आम्हां मराठी मंडळींच्या डोळ्यांपुढे सिंधुदुर्ग उभा राहतो. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील बोडियमला मात्र समुद्राचा वेढा नाही; तेथील पाणी माणसाने अडविलेले आहे. 1385 मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाच्या परवानगीने सर एडवर्ड डॅलिंग्रिज याने हा किल्ला बांधला. निमित्त फ्रेंचांच्या स्वारीचे. खंदक तळ्याएवढा रुंद, पण बांध फोडला की पाणी वाहून जावे! संरक्षणापेक्षा थाटच अधिक, असे कित्येक अभ्यासक म्हणतात. आम्हांसही ते पटते.

सतराव्या शतकातील यादवीत आतले वाडे गेले, तट-बुरूज तेवढे उरले. 1829 मध्ये जॉन फुलर याने हे अवशेष विकत घेऊन पाडापाडीतून वाचविले. पुढे त्यांचा धनी झाला लॉर्ड कर्झन! 1905 च्या वंगभंगामुळे ज्याचे नाव आपण कडवटपणे घेतो, तोच हा. हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा 1904 चा कायदाही त्याच्याच कारकिर्दीतला. बोडियमची त्याने डागडुजी केली आणि 1925 मध्ये निधन पावताना मृत्युपत्राने किल्ला नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केला. कर्झनवरचा आमचा राग त्यामुळे ओसरलेला नाही. त्याची डागडुजी मात्र आम्ही नाकारीत नाही.