पडून राहू नका
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



सकाळी फाटकातून आत येताना माझ्या हातातली काठी पाहून निम्म्या वर्गानं विचारलं, "काय रे, गुडघे गेले का?" गुडघे ठणठणीत आहेत. गेला होता तो तोल. संयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत, तेवढ्यात ती हकिगत सांगतो. आपण सगळे आता साठीच्या अलीकडे-पलीकडे आहोत, म्हणून ती सांगण्यासारखी आहे.

तीन वर्षांपूर्वी सोयाबीन सोंगणीचे दिवस होते. सकाळी धुऱ्यावर उभा होतो आणि एकाएकी सगळं वावर गरगर फिरायला लागलं. उलट्या सुरू झाल्या. हात-पाय हलत होते, बोलणं साफ होतं, तोंड वाकडं झालं नव्हतं. मला वाटलं, पित्त खवळलं. लिंबूपाणी घेतलं आणि खाटेवर पडून राहिलो. बायको म्हणत होती, दवाखान्यात चला. मी म्हटलं, "जरा पडतो, उतरेल." दुपारी उठायला गेलो तर एका अंगाला झुकत जाऊन भिंतीवर आदळलो. मग आधी चिखली, तिथून देऊळगाव राजा, जालना मागे टाकत छत्रपती संभाजीनगर. एमआरआय काढल्यावर कळलं, हा लकवाच होता, लहान मेंदूचा.

लकवा म्हणजे हात-पाय लुळे पडणं, एवढंच आपल्याला माहीत असतं. लहान मेंदू डोक्याच्या मागच्या बाजूला असतो आणि तोल सांभाळणं हे त्याचं काम. तिथला रक्तपुरवठा थांबला तर चक्कर, उलटी आणि चालता न येणं एवढंच दिसू शकतं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. माझे ते तास खाटेवर गेले.

सगळीच चक्कर लकव्याची नसते. कूस बदलली की काही सेकंद घर फिरतं आणि थांबतं, ते बहुतेक वेळा कानातल्या बारीक खड्यांमुळे होतं. डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून ते जागेवर आणतात. पण चक्कर अचानक आली आणि आधाराशिवाय उभं राहता येईना, एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, एक हात लटका पडला किंवा डोकं भयंकर दुखू लागलं, तर घड्याळात वेळ पाहून ठेवा आणि 108 ला फोन करा. तोंडानं काही देऊ नका; गिळणं बिघडलेलं असलं तर पाणीसुद्धा श्वासनलिकेत जातं.

ही माझी पहिली चूक. दुसरीही पडून राहण्याचीच. घरी आल्यावर उठलं की गरगरायचं, म्हणून उठायचोच नाही. चक्कर थांबवायच्या गोळ्या मनानंच चालू ठेवल्या. एकदा हिंमत करून बसस्टँडपर्यंत गेलो. माझ्या झोकांड्या पाहून हॉटेलपुढचा एक जण म्हणाला, "सकाळीच लावली वाटतं." मी माळकरी माणूस. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलो आणि महिनाभर बाहेर पडलो नाही.

बाहेर काढलं ते फिजिओथेरपिस्ट ताईंनी. त्यांनी समजावलं की डोळे, दोन्ही कानांच्या आतली यंत्रणा आणि पायांचे तळवे-सांधे, असे तिघं मेंदूला खबर देतात. लहान मेंदू तिन्ही खबरांचा मेळ घालतो. माझा तो हिशेब बिघडला होता. मेंदू नवा हिशेब शिकतो, पण हालचाल केली तरच. ब्रिटनमध्ये कॉथोर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी 1940 च्या दशकात कानाच्या आणि डोक्याच्या दुखापतीच्या रोग्यांसाठी असे व्यायाम बसवले. जे लवकर हलू-फिरू लागत, ते लवकर सुधारत, हे त्यांनी पाहिलं होतं. ताई म्हणाल्या, "काका, चक्कर येईल एवढंच हलायचं, पडाल एवढं नाही." गोळ्याही डॉक्टरांना विचारून कमी केल्या, त्या फार दिवस घेतल्या तर मेंदूचं हे शिकणं मंदावतं.

व्यायाम साधे होते. हात लांब करून अंगठ्यावर नजर धरायची आणि मान डावी-उजवी फिरवायची. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं. भिंतीच्या कोपऱ्यात पाय जुळवून उभं राहायचं, समोर खुर्ची आणि जवळ घरचं माणूस. मग फरशीच्या रेघेवरून एका पावलाला दुसरं लावून चालायचं. सुरुवातीला दोन मिनिटांत घाम फुटायचा. थोडं गरगरून काही वेळात शांत झालं तर चांगलं. तासन् तास राहिलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं.

घरातही बदल केले. अंधारात डोळ्यांची खबर बंद होते, म्हणून रात्री दिवा चालू. न्हाणीत धरायला दांडा आणि बसायला स्टूल, कारण तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी पडायचो. सपाता गेल्या, पट्ट्याचे बूट आले. बीपीची गोळी चुकत नाही. तंबाखूची डबी त्या दिवसापासून उघडली नाही.

सगळं परत आलं असं म्हणणार नाही. मोटारसायकल विकली. गर्दीत आणि तिन्हीसांजेला अजून पाय चाचपडतात. पण यंदा धुऱ्यावरून काठी टेकत वावराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आलो.

उद्या आपली बस लोणारला जाणार आहे. शाळेच्या सहलीत धारेजवळच्या पायऱ्या आपण पळत उतरलो होतो आणि गुरुजींचा ओरडा खाल्ला होता. मी उद्या जमतील तेवढ्या पायऱ्या उतरणार आहे. माझा दंड एकदम धरू नका, त्यानं उलट तोल जातो. फक्त एकानं डाव्या बाजूनं चाला. लागलं तर मीच तुमचा खांदा धरीन.