गाडी तुमच्या नावावर आहे ना?

मी माधवनगर आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांची समन्वयक. एरवी मी तुमच्याशी बचत, व्याज आणि हप्ते यांवर बोलते. आज मात्र गाडीवर बोलायचं आहे. कारण दहावी-बारावीचे निकाल लागले की गटाच्या बैठकीत कर्जाच्या अर्जावर एक कारण हमखास दिसतं, 'दुचाकी खरेदी'. चालवणार कोण, असं विचारलं की उत्तर येतं, "पोरगा की! कॉलेज सांगलीला हाय, एसटीला लोंबकळत किती दिस जायचं त्यानं?" आणि पोराचं वय विचारलं की ताई जरा थांबतात. सोळा, नाहीतर सतरा.

माझा पहिला प्रश्न तुम्हालाच आहे. तुमच्या घरातली गाडी कुणाच्या नावावर आहे? आज घरी गेल्यावर आरसी बुक काढून बघा. बऱ्याच घरांत स्कूटी बाईच्या नावावर असते. कर्ज तिच्या नावावर मिळालेलं असतं, किंवा मालकांनी हौसेनं तिच्या नावावर घेतलेली असते. चांगलीच गोष्ट आहे. पण नाव आपलं असलं की जबाबदारीही आपलीच असते, आणि ही जबाबदारी किती मोठी आहे हे शोरूममध्ये पेढे वाटताना कुणी सांगत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यात २०१९ मध्ये बदल झाले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९९ अ लागू झालं. अठरा वर्षांखालच्या मुलानं गाडी चालवताना या कायद्याखालचा गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा आहे तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. त्या गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही.

जरा हिशोब करू. नोंदणी रद्द म्हणजे गाडी वर्षभर दारात उभी. हप्ता मात्र दर महिन्याला चालू. ज्या घरात त्याच गाडीवरून डेअरीला दूध जातं, त्या घराचं काय होईल? आणि मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवान्याशिवाय. म्हणजे ड्रायव्हरची, घरपोच माल पोचवायची, ज्या ज्या कामाला परवाना लागतो ती सगळी कामं त्याला बंद.

आता तुम्ही म्हणाल, "आम्हाला कुठं माहीत होतं? किल्ली खुंटीला होती, घेऊन गेला." कायद्यानं हेही आधीच गृहीत धरलंय. मुलानं गाडी वापरली ती पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीनंच, असं न्यायालय धरून चालतं. आपल्याला माहीत नव्हतं, किंवा आपण सगळी काळजी घेतली होती, हे आपणच सिद्ध करायचं. किल्ली खुंटीला टांगलेली असेल तर काय सिद्ध करणार?

विम्याचंही नीट ऐका. "इन्शुरन्स हाय की," असं आपण निर्धास्तपणे म्हणतो. चालवणाऱ्याकडे परवाना नसेल, तर विमा कंपनी जखमीला किंवा मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई देते आणि ती रक्कम नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करते, असे आदेश न्यायालयांनी दिलेले आहेत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. अल्पवयीन मुलगा मोटारसायकल चालवत होता, अपघातात माणूस गेला. न्यायालयानं सांगितलं, आपल्या गाडीचा गैरवापर होऊ नये, तोही परवाना नसलेल्या मुलाकडून, हे बघणं मालकाचं काम होतं. कंपनीला मालकाकडून वसुलीची मुभा मिळाली. अशी भरपाई लाखांत असते. आपल्या घरात एवढी रक्कम जमिनीच्या तुकड्याशिवाय कुठून येते?

पुण्याची घटना तुम्हाला आठवत असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलानं चालवलेल्या महागड्या मोटारीनं दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. दोघेही गेले. सुरुवातीला त्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला आणि सगळा महाराष्ट्र संतापला. त्या मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. आपण म्हणालो, "श्रीमंतांची पोरं ती." पण कायद्याला कोट्यवधीची मोटार आणि आपली स्कूटी यात फरक दिसत नाही. आणि रस्त्यावर धडक बसलेल्यालाही तो दिसत नाही.

आता नेहमीच्या शंका घेऊ.

"ताई, सोळा वर्षांच्या पोराला बिनगिअरची चालते म्हणत्यात." कायद्यात सोळाव्या वर्षी परवाना आहे, पालकाच्या संमतीनं. पण तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीसाठी. पूर्वीच्या लुनासारख्या गाड्यांच्या काळातला हा नियम. आज आपल्या दारात ज्या स्कूटी उभ्या आहेत त्या बहुतेक १०० सीसीच्या पुढच्या आहेत, ॲक्टिव्हासुद्धा. गिअर नाही म्हणून ती सोळा वर्षांच्या मुलाची होत नाही. तेव्हा परवान्यावर काय लिहिलंय आणि आरसी बुकात किती सीसी आहे, दोन्ही ताडून बघा.

"मग बॅटरीची घेऊ का? तिला लायसन लागत नाही." हे अर्धं खरं आहे. जिची मोटर २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आहे आणि जिचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, अशी हलकी गाडी मोटार वाहनात धरत नाहीत. तिला नंबर नाही, परवाना नाही. पण विकणारा हळूच म्हणाला, "वहिनी, वायर बदलून देतो, चाळीसनं पळंल," तर तिथंच थांबा. वेग वाढवला की ती मोटार वाहन झाली. मग नोंदणी, विमा, परवाना सगळं लागतं, आणि तुमच्याकडे यातलं काहीच नसतं. आणि ताशी २५ नं जाणाऱ्या गाडीवरही हेल्मेट घातलेलं बरंच.

"ट्रॅक्टर तर शेतातच असतोय." रानात असेपर्यंत ठीक. बांध ओलांडून डांबरीवर आला की ट्रॅक्टरही मोटार वाहन, चालवणारा अठरा पूर्ण आणि परवानाधारक हवा. भाड्यानं माल किंवा माणसं वाहणारी, पिवळ्या नंबरपाटीची गाडी असेल तर वय वीस पूर्ण लागतं.

आता सरळ मार्ग सांगते. मुलगा असो वा मुलगी, अठरा पूर्ण झाले की पहिलं काम शिकाऊ परवाना. आधार जोडलेलं असेल तर 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो, आणि वाहतुकीच्या खुणा-नियमांची परीक्षाही तिथेच देता येते. साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास. केंद्राच्या नियमातली फी एका प्रकारच्या गाडीला १५० रुपये आणि परीक्षेची ५०, वर थोडंफार शुल्क. परीक्षा मात्र ज्याची त्यानंच द्यायची. मुलाच्या जागी दुसऱ्यानं बटणं दाबली तर परवाना मिळेल, पण खुणा कळणार नाहीत.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. एमएच १० च्या आपल्या गाड्यांसाठी सांगलीचं परिवहन कार्यालय आहे. शिकाऊ परवान्यावर असताना गाडीला पुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' अक्षर लागतं. चारचाकी शिकताना शेजारी पक्का परवाना असलेला माणूस बसलेला हवा. दुचाकीवर मागं मित्र बसवायचा नाही. बसलाच तर परवाना असलेला शिकवणारा. हा नियम आपल्याकडे जवळजवळ कुणी पाळत नाही. 'एल' लावलेल्या गाडीवर तिघं बसलेले आपण रोज बघतो.

पक्का परवाना मिळाला की आपल्याकडे सगळे बंध सुटतात. अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी कितीही सीसीची मोटारसायकल चालवू शकतो. सगळीकडे असं नाही. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी १२५ सीसीपर्यंतचीच मोटारसायकल मिळते, मोठी टप्प्याटप्प्यानं, आणि तिथं नव्या चालकाचे पहिल्या दोन वर्षांत सहा दंड-गुण झाले तर परवानाच जातो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये नव्या चालकाला लाल 'पी' अक्षर लावावं लागतं, आणि २५ वर्षांखालच्या अशा चालकाला रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत २१ वर्षांखालचा एकच सोबती घेता येतो. तरण्या पोरांच्या गाडीत दोस्त वाढले आणि रात्र वाढली की धोका वाढतो, हे त्यांनी नियमात धरलंय.

आपल्या कायद्यात हे टप्पे नाहीत, म्हणून ते घरात घालायचे. परवान्याच्या पहिल्या वर्षी मागं एकच माणूस, हेल्मेट दोघांनाही, फोन खिशात. जोराची स्पोर्ट्स गाडी पहिल्या वर्षी घ्यायची नाही. आणि ऊसतोडीचा हंगाम असेल तर अंधार पडल्यावर तासगाव रस्त्याला नव्या चालकानं जायचं नाही. बुधगाव, कवलापूरच्या बायांना कारण सांगायला नको. मागचा दिवा नसलेल्या, उसानं भरलेल्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात, आणि समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यावर आला की मुरलेल्या माणसालाही त्या दिसत नाहीत.

राहिला खरा प्रश्न. कॉलेजला जायचं कसं? पोरांना गाडी देऊ नका, एवढंच सांगून माझं काम संपत नाही. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, तो काढला का बघा. ज्या गावातून एसटीची वेळ कॉलेजशी जुळत नाही, तिथल्या गटांनी ग्रामसभेत ठराव करून तो आगारप्रमुखांकडे द्या, मुला-मुलींची नावं आणि कॉलेजची वेळ जोडून. एका आईचा अर्ज बाजूला पडतो. दहा गटांच्या सह्यांचा ठराव वाचला जातो. माधवनगर ते सांगली अंतर सायकलचं आहे, हेही विसरू नका.

आणि शेवटी आपल्या गटासाठी एक सूचना. 'दुचाकी खरेदी' असं कारण असेल तर कर्ज मंजूर करण्याआधी चालवणाऱ्याच्या परवान्याची झेरॉक्स अर्जाला जोडून घ्या. नसेल तर पैसे थांबवा, मन नव्हे; अठरा पूर्ण झाले की तोच अर्ज पुन्हा घ्या. "माझ्यावर विश्वास नाही काय?" असं कुणी म्हणालं, तर सांगा, गटाचे पैसे वीस बायांचे आहेत, आणि पोरगं सगळ्यांचंच आहे.

पुढच्या बैठकीला येताना पासबुकाबरोबर आरसी बुकही आणा. कुणाच्या नावावर कोणती गाडी, ती कोण चालवतं आणि त्याच्याकडे परवाना आहे का, हे आपण वहीत लिहून ठेवू. आणि आज घरी गेल्या गेल्या खुंटीवरची किल्ली काढा, कपाटात ठेवा.