ग्राफ न काढता साइनची कमाल-किमान किंमत

मेहकरहून एक व्हॉइस मेसेज आलाय. "दादा, सीईटीत गणिताचे ५० प्रश्न अन् ९० मिनिटं. साइनचा ग्राफ काढत बसलं तं पेपर तिथंच संपते."

खरंय. आणि ग्राफ लागतही नाही. साइनची किंमत उणे १ ते १ याच्या बाहेर कधीच जात नाही, एवढं एक धरून ठेवायचं.

आपल्याच जिल्ह्याचं घ्या. बुलडाण्यात दिवस किती मिनिटांचा? ढोबळ सूत्र आहे: ७२८ अधिक ७५ साइन थीटा. थीटा म्हणजे तारीखच, पण अंशांत मोजलेली. २१ मार्चला शून्य, २१ जूनला ९०. साइनच्या जागी १ ठेवा, ८०३ आले, म्हणजे १३ तास २३ मिनिटं. हा जूनमधला सगळ्यात मोठा दिवस. उणे १ ठेवा, ६५३. म्हणजे १० तास ५३ मिनिटं, डिसेंबरातला. झालं!

अधिकच्या जागी उणे ७५ असेल तरी हीच दोन उत्तरं, फक्त जागा बदलतात. कंसात थीटाऐवजी २ थीटा अधिक ३० असेल तरी घाबरायचं नाही. कमाल कधी येते ते बदलतं, किती येते ते नाही.

दिवसाच्या लांबीचं हे गणित जुनंच आहे बरं का. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत साइनला 'ज्या' म्हणतात, आणि दिवस १२ तासांपेक्षा किती वाढतो-घटतो ते 'चर' काढून मिळतं. त्यांच्या घराण्याचा शिलालेख शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटणला आहे. ग्राफ तेव्हा कोण काढत होतं?

आता मार्क जातात कुठं ते सांगतो. प्रश्नात 'थीटा ० ते १८० अंश' असं लिहिलेलं असतं आणि आपण वाचतच नाही. म्हणजे फक्त मार्च ते सप्टेंबर. या काळात साइन उणे होतच नाही, म्हणून किमान ७२८. ६५३ लिहिलं की गेले दोन मार्क.

दुसरं, ३ साइन एक्स अधिक ४ कॉस एक्स. पोरं झटकन ७ म्हणतात. काहून? दोन्ही १ धरले म्हणून. पण साइन १ असतो तेव्हा कॉस शून्य असतो, दोघं एकाच वेळी शिखरावर नसतात. ३ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग, २५, त्याचं वर्गमूळ ५. कमाल ५, किमान उणे ५.

आणि जाता जाता, ५ उणे २ साइनवर्ग एक्स. किमान ३ सगळ्यांचं येतं. कमाल मात्र ७ नाही. साइनवर्ग शून्याच्या खाली जात नाही ना! म्हणून ५.