कागदाची पिशवी
(नाशिक इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला कवितेवर बोलायला बोलावलंय. पण वही आणली नाही, ही प्लॅस्टिकची पिशवी आणलीय. हिच्यात दहावीची मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचं सर्टिफिकेट, रेशनकार्ड आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट आहे. आज हिच्यावरच बोलतो.

मी गोदीत ओझी वाहतो. पन्नास किलोचं पोतं, ठेकेदाराची हजेरी. ज्या दिवशी काम त्या दिवशी पैसा. पावसाळ्यात जांघेत गाठ आली. उभं राहिलं की बाहेर, आडवं झालं की आत. कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर मुकादमानं दुसऱ्या दिवशी घेतलं नसतं. पंचा आवळून बांधला आणि पोती वाहत राहिलो.

रेल्वेच्या भरतीचा फॉर्म भरला होता. दहावी पास चालतो. लेखी निघाली. मग मैदान. ३५ किलोचं वजन घेऊन १०० मीटर, २ मिनिटांत, खाली न ठेवता. बाकीची पोरं महिना महिना सराव करतात, आपण तर रोज तेच करतो. पंचा आवळला आणि तेही काढलं. वाटलं, सुटलो.

सुटतो कुठला! केंद्राच्या नोकरीला जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. हे मला कागद तपासणीच्या आठ दिवस आधी कळलं. एका कचेरीत गेलो. जुन्या दाखल्यावर बापाचं नाव एक, आधारवर दुसरं. एका मात्रेचा फरक. खिडकीतला म्हणाला, "हा तुझा बाप कशावरून?" बाप मागंच बाकड्यावर बसला होता. त्याला पुढं आणून उभा केला. तो म्हणाला, "माणूस नको, कागद आण."

आणि कागद कसला, तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. आजा शाळेत गेलाच नाही, त्याला शाळेचा दाखला कुठला? शेवटी गावच्या कोतवाल बुकात त्याच्या जन्माची ओळ सापडली, जातीसकट. ज्या शब्दानं आज्याला गावकुसाबाहेर ठेवलं, तोच शब्द शोधत मी दोन दिवस जुनी पानं चाळत होतो. सापडला तेव्हा आनंद झाला. त्या आनंदाची मला लाज वाटली.

पण लाजून कागद फेकू नका. याच नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिरापुढं सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षं माणसं मार खात उभी राहिली, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात सांगितलं, हिंदू म्हणून मरणार नाही. १९५६ ला आपण बौद्ध झालो. आणि बौद्ध माणसाला केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती कधी मिळाल्या? १९९० ला. चौतीस वर्षं! हा कागद कुणी भीक म्हणून दिलेला नाही.

म्हणून तो नीट सांभाळा. जाहिरात यायच्या आधी दाखला काढा. राज्याचा वेगळा, केंद्राचा वेगळा. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का, आजच बघा. सरकारी कचेरीतल्या अशा दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. एजंट मागेल, देऊ नका. अर्ज दिला की तारखेची पोच घ्या. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदतीत दाखला दिला नाही तर तीस दिवसांत अपील करता येतं. पोच नसेल तर अपील कशावर करणार?

मला दाखला मिळाला, तपासणी झाली. आता राहिली मेडिकल. तिथंही पंचा आवळून जायचं ठरवलं होतं. पण मेडिकलला उघडा करतात, खोकायला लावतात. हर्निया लपत नाही. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "आधी ऑपरेशन. नाहीतर आतडं अडकेल, मग नोकरीही नाही आणि तूही नाहीस."

येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. पुन्हा हीच पिशवी. रेशनकार्ड आणि आधार. २०१२ साली जीवनदायी म्हणून सुरू झालेली योजना आता महात्मा फुल्यांच्या नावानं आहे. तिच्यातल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. आपला आजार कुठल्या दवाखान्यात बसतो, हे भरती व्हायच्या आधी त्याला विचारा. खर्च करून झाल्यावर विचारून उपयोग नाही. डॉक्टरपुढं तंबाखू, दारू, चालू गोळ्या काही लपवू नका. भूल द्यायची असते, तिथं खोटं बोललात तर जिवावर बेततं. उपाशी राहायला सांगितलं तर उपाशीच राहा. आणि संमतीच्या कागदावर वाचल्याशिवाय अंगठा नको, सही नको.

ऑपरेशननंतर काही आठवडे ओझं बंद. म्हणजे हजेरी बंद. घरात चूल कशी पेटेल, याचं उत्तर या पिशवीत नाही. मेडिकलचं बोलावणं टाके ओले असताना आलं तर काय, तेही माहीत नाही. गोदीतल्या चार दोस्तांनी वर्गणी काढायचं कबूल केलंय. त्यातल्या दोघांना माझ्यासारखीच गाठ आहे. तेही पंचा आवळतात.

माझं एवढंच मागणं आहे. दर रविवारी इथं एक टेबल लावू. ज्याला फॉर्म वाचता येतो त्यानं वाचून द्यावा, ज्याला कचेरी माहीत आहे त्यानं सोबत जावं. आणि कुणाच्या अंगात गाठ असेल तर त्यानं पहिल्यांदा इथं सांगावं. मी चार महिने गप्प राहिलो. तुम्ही राहू नका.

जयभीम.