अंड्याचा रंग आणि अंड्याचा भाव



कामगारांच्या सभेत मी बोनस आणि महागाईभत्त्यावर बोलतो. आज अंड्यांवर बोलणार आहे. विषय हलका वाटला, तरी तो पगाराच्या पाकिटालाच येऊन भिडतो. साताऱ्यात काय नि सांगलीत काय, दुकानात पांढरी अंडी एकीकडे आणि तांबूस अंडी दुसरीकडे मांडलेली असतात. तांबूस अंड्यांचा भाव कित्येकदा दुप्पट. कारण विचारले तर उत्तर ठरलेले: "ती बॉयलरची, ही गावरान." घरात बाळंतीण असली, की गरीब माणूसही भाजीत काटकसर करून तांबूस अंडी नेतो. त्या जादा पैशांत त्याला काय मिळते, हा आजचा प्रश्न.

आधी नावाचा घोटाळा. आपला बॉयलर म्हणजे ब्रॉयलर. तो मांसासाठी वाढवतात आणि दीडएक महिन्यात विकतात. अंडे घालण्याच्या वयाला तो पोचतच नाही. बाजारातली पांढरी अंडी लेअर कोंबड्यांची असतात, आणि त्यांचे मूळ व्हाइट लेगहॉर्न या जातीत आहे.

अंडे तयार व्हायला कोंबडीच्या पोटात २४ ते २६ तास लागतात. त्यांतले वीसएक तास कवच चढण्यात जातात. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे, तेव्हा मुळात ते सगळ्यांचे पांढरेच. ऱ्होड आयलंड रेडसारख्या जातीत शेवटच्या काही तासांत त्यावर प्रोटोपॉर्फिरिन नावाचे तपकिरी रंगद्रव्य चढते. गिलावा झाल्यावर रंगारी भिंतीवरून हात फिरवतो, तसाच हा प्रकार. तांबूस अंडे उकडून सोला आणि टरफल आतून पाहा. ते फिकट दिसेल. हा रंग कोंबडीच्या जातीतून येतो, उकिरड्यावर हिंडण्यातून नव्हे. कानाची पाळी पांढरी तर अंडे पांढरे, पाळी लाल तर अंडे तांबूस, असा एक ठोकताळाही आहे. त्याला अपवाद पुष्कळ. आतला ऐवज मात्र सारखाच. ५० ग्रॅमच्या अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिने असतात, मग कवच कोणत्याही रंगाचे असो.

कोणी म्हणेल, गावरान अंड्याचा बलक गर्द असतो. खरे आहे, हिरवा पाला खाल्ला की तो तसा होतो. पण पिवळा मका किंवा झेंडूच्या पाकळ्यांची पूड खाद्यात घातली, की पिंजऱ्यातल्या कोंबडीचा बलकही केशरी होतो.

आता खरी गोम सांगतो. तांबूस अंडी घालणाऱ्या जातीही पिंजऱ्यात, हजारोंनी पाळल्या जातात. उलट आपली गावठी कोंबडी एका जातीची नसते. तिचे अंडे मळकट पांढरे, बदामी किंवा फिकट तांबूस, कसेही निघते. माण-खटावची किंवा जत-आटपाडीची बाई दहापाच कोंबड्या पाळते. तिची कोंबडी वर्षाला साठसत्तर अंडी देते आणि मग खुडूक बसते. लेअर कोंबडी तीनशेच्या घरात देते. त्या बाईने चार पैसे जास्त मागितले तर ते रास्त आहे, ती तिच्या कष्टाची मजुरी आहे. पण आपण तिचे फिकट अंडे हातात फिरवतो, "हे कसले गावरान?" म्हणतो, आणि पिंजऱ्यातले तांबूस अंडे दामदुप्पट देऊन घेतो. पोल्ट्रीवाल्यांनी १९८२ साली संघटना केली, पुण्याची नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी, आणि अंड्याचा भाव स्वतः जाहीर करायला सुरुवात केली. मला ती गोष्ट फार आवडते. या बाईचा भाव जाहीर करणारे कोणी नाही.

रंगाचा मोह आपल्या जिल्ह्याला महागात पडला आहे. इस्लामपूरच्या एका कंपनीने कडकनाथ कोंबड्यांची योजना काढली. २०१९ मध्ये ती कोसळली आणि हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. कडकनाथाचे मांस काळे असते, अंडे मात्र फिकट बदामी, आणि आतला बलक नेहमीसारखा पिवळा.

राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पैसा थांबवला आणि अंडे द्यायचेच तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना कळवले. तेव्हा एक चांगला शिकलेला गृहस्थ मला म्हणाला, "जाऊ द्या हो, त्या पांढऱ्या अंड्यात असते काय?" काय असते ते आत्ताच सांगितले. मजुराच्या पोराला आठवड्यातून एकदा तरी ते मिळत होते. आता आपापल्या शाळेत तशी वर्गणी जमते का, आणि जमत नसेल तर अंड्याऐवजी पोरांच्या ताटात काय पडते, याची चौकशी इथे बसलेल्या पालकांनी उद्या सकाळीच करावी.