हीसीचा डेरा

फिनलंडच्या दक्षिणेस आस्कोला येथें उघड्या कातळांत विहिरीसारखे गोल खड्डे आहेत. सर्वांत खोल खड्डा सुमारें १० मीटरांचा आहे. अशा खड्ड्याला फिनिश लोक 'हीदेनकिर्नु', म्हणजे हीसीचा डेरा, असें म्हणतात. डेरा ताक घुसळण्याचा, आणि हीसी हा राक्षस. मात्र हा बिचारा मुळांत राक्षस नव्हे! पूर्वी 'हीसी' म्हणजे पवित्र राई, आपल्या देवराईसारखी. ख्रिस्ती धर्म आल्यानंतर तोच शब्द दैत्याला लागूं झाला.

हिमयुगाच्या अखेरीस, दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, बर्फ वितळूं लागला, तेव्हां त्याच्याखालीं कोंडलेलें पाणी प्रचंड वेगानें धांवलें. भोंवऱ्यांत सांपडलेले धोंडे एकाच जागीं गरगरत राहिले आणि त्यांनीं कातळ कोरला. असल्या खड्ड्यांच्या तळाशीं घांसून गोल झालेले ते गोटे आजही सांपडतात. राक्षस वगळला, तर घुसळणीची उपमा शब्दशः खरी ठरते.

पारनेर तालुक्यांत निघोजला कुकडी नदीनें बर्फावांचून हेंच काम केलें आहे. मराठींत त्यांना रांजणखळगे म्हणतात. रांजणावरून खळग्याचा आकार कळतो, तो कसा झाला हें कळत नाहीं. एवढ्यापुरता फिनिश शब्द सरस आहे.