स्वागताध्यक्षांचे भाषण: विलोपनानंतरचे वारस



स्वागत समितीच्या वतीने नागपूर नगरीत आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. ‘सामूहिक विलोपन’ या विषयावरचे संमेलन इथे भरावे हे अगदी उचित आहे. दख्खनच्या लाव्हापठाराच्या पूर्व कडेवर हे शहर वसले आहे. आमची सीताबर्डीची टेकडीही त्याच काळ्या बेसाल्टची. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा थरावर थर पसरत असतानाच मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे लघुग्रह आदळला आणि पक्षी वगळता सारे डायनोसॉर संपले. त्या संहाराचे मुख्य कारण लघुग्रहच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या ज्वालामुखींचा वाटा किती, यावर अजून खल चालू आहे.

एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांनी इथल्या टाकळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळातून जीवाश्म गोळा केले. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावी डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले. २००५ साली ते संशोधन जगापुढे आले. तोवर डायनोसॉरांच्या काळात गवत असल्याचा एवढा भक्कम पुरावा नव्हता. पिसदुऱ्याचे ते महाकाय प्राणी गेले, गवत तगले. कालांतराने त्याने माळराने व्यापली; आपली ज्वारी, गहू आणि भात त्याच कुळातले. तेव्हाचे लहानखुरे सस्तन प्राणीही रिकाम्या झालेल्या जागेत वाढले आणि त्यांच्याच वंशात आपण जन्मलो.

म्हणून विलोपन हे वरदान ठरते का? मुळीच नाही. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या पर्मियन विलोपनात समुद्रातल्या ८० टक्क्यांहून अधिक प्रजाती नष्ट झाल्या. सैबेरियातल्या ज्वालामुखींनी वातावरणात कार्बन ओतला, समुद्र तापले, त्यांतला प्राणवायू घटला. जीवसृष्टी सावरली खरी, पण त्याला लाखो वर्षे लागली. ‘निसर्ग पुन्हा उभा राहतोच’ हे वाक्य खरे असले, तरी तेवढी वाट पाहण्याइतके आयुष्य कोणत्याही मानवी समाजाला नाही. आज तोच कार्बन आपण जाळतो आहोत, जंगले तोडतो आहोत. फरक इतकाच, की ज्वालामुखीला थांबता येत नव्हते, आपल्याला येते.

या चर्चेतून शाळांपर्यंत आणि धोरणे ठरवणाऱ्यांपर्यंत पोहोचेल असे काही निष्पन्न व्हावे, ही यजमान म्हणून माझी विनंती. पिसदुऱ्यासारखी जीवाश्मस्थळे जपण्याचा ठराव आपण इथे अवश्य करावा. पाहुणचारात काही उणे राहिल्यास हक्काने सांगा.